वाट कोणी पाहायची? ओकमध्ये मुरलेल्या स्पॅनिश रेड वाइनच्या अभ्यासाची प्रस्तावना

उत्तर स्पेनमधल्या आरो या गावात रेल्वे स्टेशनला लागूनच लोपेस दे एरेदिया घराण्याची वाइनरी आहे. स्थापना १८७७ सालची. तिथली विन्या तोंदोनिया ग्रान रेसेर्वा ही रेड वाइन दुकानात येते तेव्हा तिची द्राक्षे तोडून वीसेक वर्षे झालेली असतात. त्यातली बरीच वर्षे ती ओकच्या बॅरलमध्ये काढते, उरलेली बाटलीत, आणि दोन्ही मुक्काम त्याच वाइनरीच्या तळघरात होतात. इतका काळ पैसा अडकून राहतो, जागा अडते, बॅरलमधून दरवर्षी थोडी वाइन हवेत उडून जाते ती वेगळीच. गिऱ्हाइकाने यातले काही सोसायचे नसते. त्याने बाटली घरी न्यायची आणि वाटले तर त्याच रात्री उघडायची.

फ्रान्समधल्या बोर्दोत रीत निराळी आहे. तिथली नामांकित घरे द्राक्षतोडीनंतरच्या वसंतातच, वाइन अजून बॅरलमध्ये असताना, ती विकून मोकळी होतात. पुढची दहा-वीस वर्षे ती सांभाळायची ती घेणाऱ्याने. जुनी वाइन म्हटले की श्रीमंताचे तळघर डोळ्यांपुढे येते ते या रीतीमुळे. आरो ज्यात येते त्या रिओहा प्रांताने मात्र वाट पाहण्याचे ओझे बनवणाऱ्याच्या खांद्यावर ठेवले आणि पुढे ते नियमांत लिहूनही टाकले. या विषयात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट. लाकूड, रसायन, हवामान, चव यांबद्दल पुढे जे येईल ते एकाच प्रश्नाभोवती फिरेल: वाइन मुरायला लागणारा काळ कोणाच्या खर्चाने जायचा? महाराष्ट्रातल्या वाइनपुढेही आज याहून मोठा प्रश्न नाही, असे माझे मत आहे.

मराठी वाचकाला या विषयात परके वाटायचे कारण नाही. खरड छाटणी आणि गोडी छाटणी, भुरी आणि डाऊनी, मण्यांत पाणी उतरणे आणि साखर भरणे हे नाशिक, सांगली, सोलापूर किंवा जुन्नरच्या बागायतदाराला शिकवावे लागत नाही. संकोच असतो तो वेगळा. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी विरोध केला. त्या विरोधामागची कळकळ खरी होती, आणि तिचा मान ठेवूनच या अभ्यासाकडे यावे. चव शिकणारा माणूस घोटभर वाइन तोंडात फिरवतो आणि थुंकून टाकतो. सकाळभरात दहा वाइन चाखायच्या तर दुसरा मार्गच नाही. आपल्या राज्यात वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे, आणि ती योग्यच आहे.

रिओहा म्हणजे एब्रो नदीच्या खोऱ्यातला एक पट्टा. उत्तरेला सिएरा कांताब्रियाची डोंगररांग अटलांटिकवरून येणारे ढग अडवते आणि तिच्या पलीकडच्या आडोशाला द्राक्ष पिकते. मुळशीत उभे राहणाऱ्याला हा भूगोल लगेच कळेल. सह्याद्रीच्या माथ्यावर ताम्हिणीला पाऊस कोसळतो, आणि त्याच पुणे जिल्ह्यात पूर्वेला दौंड-बारामतीकडे आभाळ कोरडे असते. वेल त्या कोरड्या बाजूला जगते.

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत रिओहाची वाइन वर्षभरात पिऊन संपवायची वस्तू होती. लाबास्तिदा गावचे मानुएल किंतानो हे धर्मगुरू बोर्दोला जाऊन बॅरलमध्ये वाइन मुरवण्याची पद्धत शिकून आले. त्यांची वाइन टिकली, समुद्रापार गेली. पण गावातल्या सगळ्या वाइनला एकच भाव, हा तिथला नियम आडवा आला. बॅरलचा आणि वर्षांचा खर्च भावात धरायची सोय नसल्यावर कोण मुरवील? पद्धत मागे पडली ती थेट पुढच्या शतकाच्या मध्यापर्यंत. वाइनच्या इतिहासाची पुस्तके या प्रसंगावरून भराभर पुढे जातात, मला मात्र तो सगळ्या विषयाची किल्ली वाटतो. ज्ञान होते, लाकूड होते, द्राक्षही होते. वाट पाहण्याची किंमत द्यायला कोणी तयार नव्हते, एवढीच उणीव होती.

१८५२ मध्ये लुसियानो मुरिएता यांनी लोग्रोन्यो शहरात तीच पद्धत पुन्हा सुरू केली. १८५८ मध्ये एल्सिएगो गावी मार्केस दे रिस्काल ही वाइनरी उभी राहिली. याच काळात फ्रान्समधल्या बागा आधी भुरीने आणि नंतर फिलॉक्सेरा या मुळे खाणाऱ्या किडीने झोडपल्या. बोर्दोचे व्यापारी माल शोधत एब्रोच्या खोऱ्यात उतरले. आरोला रेल्वे आली होती, म्हणून एकामागून एक वाइनऱ्या स्टेशनभोवतीच उभ्या राहिल्या: लोपेस दे एरेदिया, १८७९ ची कूने, १८९० ची ला रिओहा आल्ता. एकोणिसावे शतक संपता संपता फिलॉक्सेरा रिओहातही पोहोचला, पण तोपर्यंत पद्धत रुजली होती. ओक मात्र फ्रान्सचा न राहता अमेरिकेचा झाला, कारण स्पेनचा अटलांटिकपारचा व्यापार जुना आणि ते लाकूड स्वस्त. रिओहाची जी चव आपण पारंपरिक म्हणतो ती अशी घडली: फ्रान्सची रीत, अमेरिकेचे लाकूड आणि स्पेनचे तेम्प्रानियो द्राक्ष, सोबतीला गार्नाचा, ग्रासियानो, मासुएलो.

आजचा नियम असा. क्रियान्सा म्हणवून घेणारी रेड वाइन किमान २ वर्षांची हवी, त्यातले किमान १ वर्ष ओकमध्ये. रेसेर्वा ३ वर्षांची: ओकमध्ये किमान १ वर्ष, बाटलीत किमान ६ महिने. ग्रान रेसेर्वा ५ वर्षांची: ओकमध्ये किमान २, बाटलीत किमान २. बाटलीच्या मागच्या पट्टीचा रंग पाहून दर्जा ओळखता येतो: क्रियान्साला लाल, रेसेर्वाला गडद किरमिजी, ग्रान रेसेर्वाला निळा. जुनी घरे या किमान मुदतीच्या कितीतरी पुढे जातात. काही बाटल्यांभोवती सोनेरी तारेची जाळी दिसते. जुनी बाटली रिकामी करून तिच्यात भलतीच वाइन भरू नये म्हणून ती आली, आता ती शोभेपुरती उरली आहे.

लाकडापाशी थोडे थांबायला हवे, कारण गैरसमज इथेच जास्त आहेत. रिओहाचे बॅरल २२५ लिटरचे, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या ३०० बाटल्यांचे. ओक घट्ट असतो, पण पुरता हवाबंद नसतो. सांध्यांतून आणि लाकडातून अगदी थोडा ऑक्सिजन झिरपत राहतो आणि वाइनला हळूहळू बदलवतो. बॅरलची दोन कामे आहेत: वास देणे आणि श्वास देणे. नवे बॅरल वास जोरात देते. अमेरिकन ओकमधल्या लॅक्टोनमुळे सुक्या खोबऱ्याचा वास येतो, व्हॅनिलिनमुळे व्हॅनिलाचा. युजेनॉल हे लवंगेतले मुख्य द्रव्य ओकमध्येही असते. फळ्या वाकवताना दिलेल्या शेकामुळे धुराची छटा येते. तीन-चार वाइन मुरवल्यावर बॅरलचा वास ओसरतो आणि श्वासाचे काम तेवढे उरते. पारंपरिक रिओहाचे मर्म या जुन्या बॅरलमध्ये आहे. वाइन त्यांत वर्षानुवर्षे राहते तरी लाकडाने दबत नाही. दर सहा महिन्यांनी ती एका बॅरलमधून दुसऱ्यात घेतात आणि तळाचा गाळ मागे ठेवतात. जुन्या घरांत अजूनही काचेत धरलेली वाइन मेणबत्तीच्या उजेडात पाहतात. गढूळपणा दिसला की ओतणे थांबवायचे.

लाकूड तुरटपणाही देते, आणि तो समजून घ्यायला सह्याद्रीतला हिरडा फार कामाचा आहे. ओकमधले टॅनिन आणि हिरड्यातले टॅनिन एकाच गटातले, पाण्याने विघटन होणारे. दोन्ही कातडी कमावण्यासाठी वापरात होती. द्राक्षाच्या सालीतले आणि बियांतले टॅनिन दुसऱ्या गटातले. सुपारी आणि कात त्या गटात येतात. तुरट पदार्थ तोंडात गेला की त्यातले टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना बांधते, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ कोरडी, खरखरीत लागते. शिकणाऱ्याने एके दिवशी हिरड्याचा तुकडा चघळावा, दुसऱ्या दिवशी कच्ची सुपारी. तोंडाचा कोणता भाग आवळला, किती वेळ आवळलेला राहिला, हे लिहून ठेवावे. परदेशी चव-तक्ते पाठ करण्याआधी हा धडा घ्यावा असे मी आग्रहाने सांगतो.

आता मुरण्याबद्दल. नव्या रेड वाइनचा जांभळट रंग सालीतल्या अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा असतो. काळ जातो तसे हे रंगद्रव्य आणि टॅनिन एकमेकांना जोडून मोठे कण बनतात. रंग माणकासारखा, मग विटकरी होतो, तुरटपणा मवाळ होतो, जड झालेले कण गाळ होऊन तळाशी बसतात. फळाचा ताजा वास ओसरतो आणि त्याच्या जागी खारीक, सुके अंजीर, तंबाखू, कमावलेले चामडे, पावसानंतरची रानातली पानगळ असे वास येतात. म्हणजे मिळते तसे जातेही. मुळशीच्या आंबेमोहोराला हा हिशेब ठाऊक आहे: नव्या तांदळाला घमघमाट जास्त, जुना शिजायला मोकळा. कोणता चांगला याचे एकच उत्तर नाही, आणि वाइनचेही तसेच आहे. जगात बनणारी बहुतेक वाइन वर्ष-दोन वर्षांत प्यावी अशीच असते. ती ठेवून दिली तर फळ जाते आणि बदल्यात काहीच येत नाही. मुरायला आंबटपणा लागतो, पिकलेले टॅनिन लागते, आणि दोन्हींचा तोल द्राक्षातच असावा लागतो. तळघर तो नंतर पुरवू शकत नाही.

दख्खनच्या वाइनची अडचण नेमकी इथे आहे. रिओहात वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपते. द्राक्षे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पिकतात तेव्हा रात्री गार होत जातात, म्हणून साखर भरताना आंबटपणा टिकतो. आपल्याकडे वेल झोपतच नाही. एप्रिलच्या खरड छाटणीत काडी तयार करायची, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी करून फळ धरायचे, आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोड. मणी थंडीत धरतात आणि ऊन चढत असताना पिकतात. पिकण्याची दिशाच उलटी आहे. साखर वेगाने चढते, आंबटपणा वेगाने उतरतो, आणि बियांतले टॅनिन पिकायला थांबावे तर तोल जातो. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत द्राक्षांच्या जातींवर होणारे काम म्हणूनच या विषयाचा भाग आहे. वाइनचा अभ्यासक बागेत गेला नाही तर त्याला पेल्यातले अर्धेच कळेल.

तरीही इथे ओकमध्ये वाइन मुरते. पुणे जिल्ह्याचाच विचार केला तर नारायणगावला शामराव चौगुले यांनी गेल्या शतकातल्या ऐंशीच्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फेसाळ वाइन बनवली आणि परदेशी पाठवली. रोटी गावी फोर सीझन्स वाइनरीने बॅरलमध्ये मुरवलेल्या रेड वाइन काढल्या. राज्याचे २००१ चे द्राक्ष प्रक्रिया धोरण आले, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले, आणि नाशिकला वाइनऱ्या वाढल्या. सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ, अकलूजच्या फ्रातेल्लीची सांज्योवेसे आणि काबर्ने सोविन्यो यांची सेट्टे, या ओकमध्ये मुरवलेल्या वाइन आता ओळखीच्या आहेत. स्पॅनिश द्राक्षाच्या दृष्टीने सर्वांत लक्षवेधी प्रयोग दिंडोरी तालुक्यातल्या चारोसा वाइनरीचा. तिथे तेम्प्रानियोची लागवड झाली आणि ओकमध्ये मुरवलेली रिझर्व्ह तेम्प्रानियो बाजारात आली. ज्या उद्योगसमूहाने आमच्या मुळशी तालुक्यात लवासा उभारले, त्याचाच हा उपक्रम. पुढे चारोसा ग्रोव्हर झांपा या वाइन कंपनीकडे गेली. तेम्प्रानियो लवकर पिकणारे द्राक्ष आहे, त्यामुळे कडक ऊन सुरू व्हायच्या आत ते तोडता येते. या द्राक्षाला दख्खनमध्ये भवितव्य आहे असे मला वाटते ते एवढ्यासाठी.

पण आपल्याकडच्या या वाइन विक्रीला लवकर येतात. बॅरल परदेशातून आणायचे, तळघर बारा महिने गार ठेवायला विजेचे बिल भरायचे, कर्जावर व्याज चालू, आणि बाटली वर्ष-दोन वर्षांत विकली तरच पुढच्या तोडीला पैसे. वाइन बनवणाऱ्याला दोष देता येत नाही. किंतानोंच्या गावातला जुना पेच इथे नव्या वेशात उभा आहे. रिओहात आज १० लाखांहून अधिक बॅरल भरलेली आहेत, कारण मुरवलेल्या वाइनला जास्त भाव देणारे गिऱ्हाईक आहे आणि तो भाव लेबलावरच्या शब्दाशी नियमाने बांधलेला आहे. आपल्याकडे ‘रिझर्व्ह’ हा शब्द लेबलावर असतो, पण रिओहासारख्या ठरलेल्या वर्षांचे बंधन त्यामागे नाही. वाइन उद्योगाने स्वतःहून किमान मुदत ठरवून घ्यावी. छोटी असली तरी चालेल, पण ती लेबलावर छापलेली असावी.

घरी बाटली ठेवणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण मी हे माले गावात, मुळशी धरणाच्या काठी लिहितो आहे. वाइन ठेवायला १२ ते १४ अंश सेल्सिअस तापमान, अंधार आणि बऱ्यापैकी ओलावा हवा. ओलावा आमच्याकडे हवा त्याहून कितीतरी जास्त. आषाढ-श्रावणात लेबलांवर बुरशी चढते, पण बूच सुकत नाही आणि त्या महिन्यांत तापमानही फार हलत नाही. खरा शत्रू चैत्र-वैशाख. दुपारी घर तापते, पहाटे निवते, आणि या रोजच्या हेलकाव्याने बुचाजवळून हवा आत-बाहेर होत राहते. वाइन अकाली म्हातारी होते. म्हणून माझा सल्ला असा: वाइनसाठीचा वेगळा फ्रिज नसेल तर बाटली एका उन्हाळ्याहून जास्त ठेवू नये. रिओहाची ग्रान रेसेर्वा घेणाऱ्याला ती ठेवावी लागतही नाही.

चाखताना पेला पांढऱ्या कापडावर तिरका धरावा. मधला रंग आणि कडेचा रंग यांत जितका फरक, कड जितकी विटकरी, तितके वय. मग न हलवता एकदा वास घ्यावा, हलवून पुन्हा घ्यावा. ओल्या पोत्याचा किंवा कुबट पुठ्ठ्याचा वास आला तर बूच खराब आहे, वाइन बनवणाऱ्याच्या नावाने बोटे मोडू नयेत. वासांना नावे देताना आपल्या घरातलीच द्यावीत: आमसूल, जायफळ, सुके खोबरे, खारीक, विड्याचे पान. ‘ब्लॅकबेरी’ कधी खाल्ली नसेल तर वहीत ती लिहू नये. करवंद आणि जांभूळ खाल्ले आहे, ते लिहावे. घोट घेतल्यावर आंबटपणा, तुरटपणा आणि अल्कोहोलची ऊब यांची वेगवेगळी नोंद करावी, आणि घोट गेल्यावर चव किती काळ मागे राहते ते मोजावे. जुनी बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवावी, म्हणजे गाळ तळाशी बसतो. ‘खोलीच्या तापमानाला’ हा युरोपातला सल्ला आपल्या खोल्यांना लागू नाही. १६ ते १८ अंशांसाठी बाटली आधी काही काळ फ्रिजमध्ये ठेवावी लागते.

जेवणाबरोबरची माझी पसंती स्पष्ट आहे. नवी, नव्या ओकची, जास्त अल्कोहोलची वाइन आपल्या तिखटाशी भांडते. तिखट अल्कोहोलचा दाह वाढवते आणि तुरटपणाला धार आणते. वर्षानुवर्षे मुरलेल्या रिओहाचा तुरटपणा मवाळ झालेला असतो, अंग हलके असते, आणि तिच्यातली लवंग-खोबऱ्याची छटा आपल्या वाटणात आधीपासून असते. सुक्या मटणाबरोबर, कोल्हापुरी पांढऱ्या रश्श्याबरोबर ती जितकी शोभते तितकी दुसरी रेड वाइन मला शोभताना दिसली नाही. रिओहात कोकराच्या बरगड्या द्राक्षाच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात. छाटणीनंतर नाशिकच्या बांधावर त्याच काड्यांचे ढीग पडलेले असतात. ती चूल आपल्याकडेही पेटावी.

सुरुवात कुठून करावी, असे विद्यार्थी विचारतात. एकाच घराण्याची क्रियान्सा आणि रेसेर्वा शेजारी ठेवून चाखावी, चौघांनी मिळून, म्हणजे खर्चही वाटला जातो. त्यानंतर नाशिकच्या किंवा अकलूजच्या, ओकमध्ये मुरलेल्या एकाच वाइनच्या, एकाच वर्षाच्या तीन बाटल्या घ्याव्यात. एक आता उघडावी. उरलेल्या दोन चौघांपैकी कोणाच्या तरी वाइनच्या फ्रिजमध्ये आडव्या ठेवाव्यात, एक दोन वर्षांनी, दुसरी चार वर्षांनी उघडण्यासाठी. प्रत्येक वेळी कडेचा रंग, तुरटपणा आणि शेवटची चव यांची तारखेसह नोंद करावी, आणि त्या नोंदीची एक प्रत ती वाइन बनवणाऱ्याला पाठवावी. आपली वाइन चौथ्या वर्षी कशी लागते हे कळण्याची सोय त्याच्याकडे बहुधा नसते, कारण तोपर्यंत त्याच्याजवळ एकही बाटली उरलेली नसते.